मूडमास्तरांची पाच तोंडं

मूडमास्तरांना हे नाव कुणी ठेवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते त्यांना मनातून आवडायचं हे मात्र सगळ्यांना कळलं होतं. क्रीडा केंद्राच्या कागदोपत्री ते 'मानसशास्त्र सल्लागार' होते. एवढं लांबलचक नाव घेताना खेळाडूंची दमछाक व्हायची, आणि दमछाक करून घ्यायला त्यांना मैदान होतंच.

मास्तरांची खोली स्टेडियमच्या जिन्याखाली होती. पूर्वी तिथे जुने बूट ठेवत. बूट गेले, वास राहिला. छत जिन्यासारखंच तिरकं, त्यामुळे बास्केटबॉलवाले आत येताना कमरेत वाकून यायचे. "माझ्यासमोर आपोआप नम्र होतात," असं मास्तर घरी सांगायचे.

काम सोपं होतं. सकाळी सरावाआधी प्रत्येक खेळाडूने त्यांच्या टॅबलेटवर बोट टेकवायचं. पडद्यावर एकेक शब्द यायचा: ताजेपणा, ताण, चिडचिड, उदासी, थकवा, खेळाची गोडी. प्रत्येक शब्दाखाली रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच तोंडं. आपलं तोंड कुठलं ते निवडायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. मग यंत्र त्याची रेघ काढायचं. रेघ वर चालली तर माणूस बरा, खाली आली तर सांभाळा.

कल्पना वाईट नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. खेळाडू फक्त हाडात मोडत नाही. अती सरावाने आधी मन आंबतं, झोप उडते, आवडता खेळ नकोसा होतो, आणि शरीर त्यानंतर बऱ्याच दिवसांनी संप पुकारतं. रोज विचारलं आणि रोज खरं उत्तर मिळालं, तर माणूस कोसळायच्या आत त्याला धरता येतो. मास्तर स्वतः कॉलेजात धावायचे. त्यांचे प्रशिक्षक म्हणायचे, मन मार. त्यांनी इमानेइतबारे मारलं. मग एका सकाळी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले ते तसेच बसून राहिले, आणि त्यानंतर कधी धावले नाहीत. कुणी काही विचारलं नाही. तेव्हा आपण विचारणारा माणूस व्हायचं असं त्यांनी ठरवलं. कसं विचारायचं ते शिकून पदवी घेतली. ऐकायचं कसं, हा धडा बहुधा ऑप्शनला टाकला होता.

घरीसुद्धा त्यांचं मोजमाप सुटायचं नाही. बायको शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळी ती वह्यांचा गठ्ठा घेऊन घरात शिरली की हे विचारायचे, "आज तुझी चिडचिड किती? एक ते पाचात सांग."

"तुम्ही विचारण्याआधी दोन होती."

"आणि आता?"

"आता पट्टी संपली. दुसरी आणा."

मास्तर हसायचे आणि मनातल्या मनात पाच मांडायचे.

केंद्रात एक चालणारी मुलगी होती. चालण्याचीही शर्यत असते, तिची स्पर्धक. एक पाय कायम जमिनीला लागलेला हवा, पुढचा गुडघा ताठ हवा, आणि तरी वेग असा की शेजारून पळणारा माणूस लाजेल. दोन्ही पाय उचलले की पंच ताकीद देतात, आणि ताकिदी वाढल्या की बाद. तिची आई म्हणायची, "चालायचंसुद्धा बक्षीस मिळतं म्हणे! मग तुझा मामा जगज्जेता हवा, उभ्या जन्मात बसला नाही मेला." मुलगी कंबर अशी गरगर फिरवत जायची की सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिचे प्रशिक्षक शिट्टीकाका. त्यांच्या तोंडात सदा शिट्टी असायची आणि ते बोलायचेही तिच्यातूनच, त्यामुळे त्यांनी केलेलं कौतुक आणि घातलेली शिवी कानाला सारखीच लागायची.

मास्तरांच्या पहिल्याच हिवाळ्यात भिंगरीने थकव्याला सगळ्यात रडकं तोंड दिलं. गोडीलाही तेच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रेघ गच्चीवरून पतंग पडावा तशी खाली आली.

मास्तरांना आनंद झाला. खोटं कशाला बोला, झालाच. वैद्याला पाठ्यपुस्तकातला रोगी भेटावा तसा झाला. ते रेघ घेऊन संचालकांकडे गेले.

संचालक एकेकाळचे वजन उचलणारे. आता वजन अंगावरच असल्यामुळे वेगळं उचलावं लागत नव्हतं. त्यांनी रेघ उभी धरली, आडवी धरली.

"म्हणजे ही पोरगी खचली आहे?"

"खचायच्या बेतात आहे, साहेब. आत्ता थोडी विश्रांती दिली, सराव हलका केला, तर..."

"पुढच्या महिन्यात परदेशातली स्पर्धा आहे. खचलेला माणूस पाठवायचा? नाव काढा."

"साहेब, तसं नाही. तिला मदत मिळावी म्हणून मी..."

"अहो मास्तर, हीच मदत! तुमच्यामुळे केंद्राची अब्रू वाचली. उत्तम काम. असंच कळवत जा."

मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांचे दोन्ही खांदे दोन दिशांना चालले होते. एक म्हणत होता घात झाला, दुसरा म्हणत होता साहेबांनी उत्तम म्हटलं. घरी पोचेपर्यंत दुसरा जिंकला. बायकोला त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. बायकोने उरलेली अर्धी ओळखली आणि भाजी चिरता चिरता म्हणाली, "ताप आहे सांगणाऱ्या पोराला वर्गाबाहेर काढलं, तर दुसऱ्या दिवशी वर्गात कुणालाच ताप नसतो हो."

तसंच झालं. भिंगरीचं नाव कटलं आणि आठवडाभरात केंद्रात सुखाची साथ आली. मल्ल, जलतरणपटू, नौका वल्हवणारे, सगळ्यांच्या रेघा डोंगर चढू लागल्या. एका मल्लाचं बोट मोडलेलं, हात गळ्यात अडकवलेला, आणि त्याने दुसऱ्या हाताने ताजेपणाला खदखदून हसणारं तोंड दिलं. एकीला घरी वडील आजारी असल्याचा फोन आला, तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि उदासीला सगळ्यात हसरं तोंड दाबून पुढे गेली.

मास्तर काही अगदीच बुद्दू नव्हते. त्यांना वास आला, पण बुटांच्या खोलीत बसून माणूस वासाला सरावतो. शिवाय संचालक खूश होते. वरून समिती आली तेव्हा त्यांनी भिंतीएवढ्या पडद्यावर रेघा दाखवल्या आणि सांगितलं की एवढं आनंदी क्रीडा केंद्र दुसरं नाही. समितीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारलं, "मग पदकं का येत नाहीत?" संचालक म्हणाले, "पदकापेक्षा मन मोठं." पदकं नसली की मन नेहमीच मोठं असतं. समितीने मान डोलावली. मास्तरांना प्रशस्तिपत्र मिळालं आणि वरच्या मजल्यावर खिडकीवाली खोली मिळाली. खिडकीतून सगळं मैदान दिसायचं. मास्तर बहुतेक वेळ पडद्याकडे बघत.

तरी मनाला चुटपुट होतीच. म्हणून त्यांनी प्रश्नांत एक पाचर मारली: 'मी आयुष्यात कधीही खोटं बोललो नाही.' जो हो म्हणेल तो लबाड, असं शास्त्र. पहिल्या दिवशी बरेच जण सापडले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी 'क्वचित बोललो' निवडलं, आणि तेही अशा निरागस बोटाने की मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली.

मग संचालकांनी मनगटी पट्टे आणले. रात्रभर हातात घालायचे, झोप किती आणि कशी ते पट्टाच सांगणार. "तोंड खोटं बोलेल, नाडी नाही बोलणार!" असं ते सभेत म्हणाले. महिनाभराने त्यांनी हातोडाफेक करणाऱ्या एका गड्याला सर्वांसमोर उभं केलं. त्याची झोप इतकी गाढ आणि इतकी दीर्घ होती की संचालकांनी सगळ्यांना त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. "याला म्हणतात शिस्त! दुपारीसुद्धा हा पठ्ठ्या सरावानंतर ताणून देतो." सभागृह हसू दाबता दाबता लालबुंद झालं. गड्याने मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं विनयाने घातली. खरा मानकरी त्या वेळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पिठाच्या पोत्यावर पाय वर करून पडला होता. केंद्राचा पिवळा बोका. गळ्यात गड्याचा पट्टा घालून तो गेले कित्येक दिवस विश्रांतीचा आदर्श घालून देत होता.

मास्तरांना बोक्याची गोष्ट आचाऱ्याकडून कळली. त्यांनी ती वर कळवली नाही. हे त्यांनी लपवलेलं पहिलं सत्य, आणि ते का लपवलं याचं उत्तर त्यांनी स्वतःलाही दिलं नाही.

भिंगरी या सगळ्यात परत संघात आली होती. आता तिचे आकडे असे गुळगुळीत, की संचालकांनी तिचा फोटो मोठा करून जिन्यात लावला. खाली लिहिलं होतं, 'मन खंबीर तर पाय खंबीर'. फोटोत ती हसत होती. फोटोग्राफरने तिला हसायला किती वेळा सांगितलं होतं, ते मास्तरांनी स्वतः ऐकलं होतं.

निवड शर्यतीच्या सकाळी तिने टॅबलेटवर भराभर बोटं टेकवली. यंत्राने हिरवा दिवा दिला. "पूर्ण सज्ज," मास्तरांनी वाचून दाखवलं.

"हो ना सर," ती म्हणाली. "यंत्र म्हणतंय म्हणजे असेनच."

शर्यत शहराच्या रुंद रस्त्यावर होती. ठरावीक फेरी, तीच तीच वळणं. एका बाजूला पंच, दुसऱ्या बाजूला शिट्टीकाका, संचालक आणि त्यांची छत्री धरणारा कारकून. भिंगरी पुढे होती, चांगलीच पुढे. शिट्टीकाकांच्या शिट्टीला सूर सापडला होता. आणि मग, वळणापुढच्या बसथांब्याजवळ, तिची कंबर थांबली. पाय चालत राहिले, पण नुसते, बाजारातून पिशवी घेऊन येणाऱ्या बाईसारखे. मागच्या मुली सपासप पुढे गेल्या. पंच गोंधळला, धावल्याबद्दल ताकीद देता येते, सावकाश चालल्याबद्दल देता येत नाही. भिंगरी रस्ता सोडून बाजूला झाली, थांब्याच्या बाकावर बसली, बस आली तशी उठली आणि छातीवरच्या क्रमांकासकट आत चढली.

"धरा तिला!" संचालक ओरडले. धरायला कोण जाणार? शिट्टीकाका दगडासारखे उभे. मास्तर धावले. कॉलेजनंतर पहिल्यांदा धावले, आणि ज्या पोटाने त्यांना कधीच साथ दिली नव्हती ते पोट पुढे घेऊन त्यांनी चालती बस पकडली.

भिंगरी खिडकीशी होती. मास्तर शेजारी आदळले. बराच वेळ त्यांना श्वासच गवसेना.

"काय होतंय तुला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आकड्यात सांगू की तोंडाने?"

"तोंडाने," मास्तर म्हणाले.

"झोप येत नाही, सर. आली तरी स्वप्नात चालतच असते. पाळी थांबून किती महिने झाले ते मोजायचं सोडून दिलंय. न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडते, कारण पातळ भिंती आहेत. बूट दिसले की मळमळतं. आज वळणावर आले आणि वाटलं, असंच चालत राहिले तर मी मरेन. खरंच मरेन असं नाही हो, पण माझ्यातलं कोणीतरी."

"अगं मग सकाळी तू..."

"सकाळी काय? पहिल्या खेपेला खरंच सांगितलं होतं की. तुम्ही काय केलंत?"

"मी... वर कळवलं."

"हं."

तेवढा एक हुंकार. मास्तरांना मिळालेल्या प्रशस्तिपत्राचा त्याहून नेमका अनुवाद कुणी केला नसता.

मग ती आपणहूनच बोलायला लागली, आणि तिच्या आवाजात जरा मिस्कीलपणा आला. "वसतिगृहात शिकवणी असते, सर. नवीन मुलगी आली की वल्हेवाल्या ताई तिला समोर बसवतात. ताजेपणाला पाचवं तोंड नको, चौथं दे, पाचव्याने संशय येतो. चिडचिड थोडीशी दाखव, अजिबात नाही म्हटलंस तर मास्तर बोलावून घेतात आणि बालपण विचारतात. स्पर्धेच्या आधी ताण एक तोंड वाढव, म्हणजे ते खूश होतात. म्हणतात, बघा, शास्त्र बरोबर आहे."

मास्तरांना आठवलं. तसं ते म्हणाले होते. दोन वेळा सभेतही.

"मी इतके दिवस काय मोजत होतो मग?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न तिला नव्हता, पण उत्तर तिनेच दिलं.

"आमची भीती, सर. ती मात्र अचूक मोजलीत."

एवढं बोलून तिने खिडकीला डोकं टेकलं आणि ती झोपली. तोंड उघडं टाकून, घोरत झोपली. मास्तरांचा हात सवयीने खांद्यावरच्या पिशवीतल्या टॅबलेटकडे गेला. 'झोप: गाढ' असं नोंदवण्याचा मोह त्यांना झाला, इतका निर्लज्ज माणूस सवयीने होतो. मग त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवला. शेवटचा थांबा आला तरी त्यांनी तिला उठवलं नाही. कंडक्टर आला, दोघांकडे पाहिलं, म्हणाला, "मुलगी का?" मास्तर म्हणाले, "नाही. पण झोपू द्या."

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बैठक बोलावली. समोर भिंगरीच्या रेघा होत्या, चढत्या, टवटवीत.

"आकडे तर सांगतात पूर्ण सज्ज," संचालक म्हणाले. "म्हणजे आकड्यांची चूक नाही. मग चूक कुणाची?"

"बसची," शिट्टीकाका पुटपुटले. त्या दिवशी त्यांच्या तोंडात शिट्टी नव्हती, म्हणून ते स्वच्छ ऐकू आलं.

संचालकांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. "मास्तर, मला यादी हवी. अजून कोण कोण खोटं हसतंय, नावानिशी. दोन दिवसांत."

मास्तर शूर नव्हते. घरी फोनची तक्रार करायलाही बायकोला पुढे करायचे. पण खिडकीला टेकलेलं ते घोरणारं डोकं काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

"यादी देणार नाही, साहेब."

"काय म्हणालात?"

"खेळाडू माझ्याशी बोलतील ते माझ्याकडे राहील. कुणाला विश्रांती हवी असेल तर मी आणि त्याचे प्रशिक्षक मिळून बघू. निवड समितीला त्यातलं अक्षर कळणार नाही. तरच ते खरं बोलतील."

"मग केंद्राला तुमचा उपयोग काय?"

"तुम्हाला काही नाही," मास्तर म्हणाले, आणि आपण हे मोठ्याने बोललो हे कळून त्यांचे कान तापले.

त्यांना काढलं नाही. काढायला कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहिलं तर बोकाही कागदावर आला असता. मास्तरांनी जाता जाता त्याचा नुसता उल्लेख केला होता. खिडकीची खोली मात्र गेली. ते परत जिन्याखाली आले. वरच्या खोलीत एका कंपनीचा कॅमेरा बसला, जो फाटकातून शिरणाऱ्याचा चेहरा पाहून मन ओळखतो म्हणे. आता सगळे खेळाडू फाटकातून हसत आत येतात आणि चार पावलांवर चेहरा मूळ जागी ठेवतात. पहाटे अंधारात एकदम एवढी माणसं हसत येताना पाहून नवीन पहारेकरी पहिल्या दिवशी दचकला होता. संचालकांना पुढल्या वर्षी खेळाडूंच्या मनःस्वास्थ्यासाठी पुरस्कार मिळाला. भाषणात ते म्हणाले, आम्ही खेळाडूंचं ऐकतो.

जिन्याखाली आधी कोणी फिरकेना. एकदा विश्वास गेला की तो पगारासारखा तारखेला येत नाही. मास्तर रिकामे बसायचे, बुटांचा वास घ्यायचे, बायकोने दिलेलं कोडं सोडवायचे. पहिले आले ते शिट्टीकाका. वाकून आत आले, दार लावलं, स्टुलावर बसले.

"मास्तर, मलाही झोप नाही लागत," ते म्हणाले. "त्या पोरीला मीच ढकलत होतो. वरून मला ढकलत होते, मी तिला. तुमच्या त्या तोंडांत प्रशिक्षकाचं तोंड नव्हतं, नाही का?"

मास्तर काहीतरी शास्त्रोक्त सांगणार होते. वाक्य जिभेवर तयारच होतं. ते त्यांनी गिळलं. घशाखाली उतरायला वेळ लागला. शिट्टीकाका तासभर बोलले आणि निघताना म्हणाले, "बरं वाटलं. कुणाला सांगू नका." मग हळूहळू एकेक जण यायला लागला. कोणी बोलायला, कोणी नुसतंच बसायला. मल्ल तर फक्त झोपायला यायचा.

भिंगरी त्या वर्षी केंद्रात परतली नाही. आईकडे राहिली, भरपूर खाल्लं, डॉक्टरांकडे गेली, एका दुकानात बसून काम केलं. बसून, हे ती आवर्जून सांगायची. दीड-दोन वर्षांनी कुठल्याशा छोट्या शर्यतीत हौसेने उतरली. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मास्तर गॅसपाशी दुधावर लक्ष ठेवून उभे होते, कारण बायको वह्या तपासत होती.

"सर, बाद झाले!" ती ओरडली. "दोन्ही पाय हवेत होते म्हणे. हवेत! तो पंच आंधळा आहे, सर, बहिरा आहे, त्याच्या सात पिढ्यांत कोणी धड चाललेलं नसेल..."

ती त्या पंचाला कितीतरी वेळ शिव्या घालत होती, दम न घेता, नव्या नव्या, रंगात येऊन. मास्तर हूं हूं करत ऐकत राहिले. दूध उतू गेलं, शेगडीभर पसरलं, आतून बायको "अहो!" म्हणून ओरडली, आणि तरी त्यांनी फोन ठेवला नाही.